बाजूला ठेवलेल्या गोळ्या

बीडजवळच्या एका लहान औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी लागले, तेव्हा मला काम शिकवलं ते आमच्या विभागप्रमुखांनी. सर परळीचे, मी वडवणीची. आईवडील सहा-सहा महिने ऊसतोडीला जायचे, त्यामुळे माझ्या अभ्यासाकडे बघणारं घरात कुणी नव्हतं. माझं काम बारकाईनं बघणारे सर हे पहिलेच.

आमच्या गोळीवर पातळ लेप असतो. गोळी पोटातल्या आम्लात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी म्हणून. लेपाची जाडी बघायची तर गोळी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागे. मग एक यंत्र आलं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून ते न कापताच जाडीचा अंदाज सांगायचं. पण आधी त्याला मोजलेल्या गोळ्यांवरून शिकवायचं आणि मग अंदाज किती चुकतो ते तपासायचं.

"ज्या गोळ्यांवर मशीन शिकलं, त्याच गोळ्यांवर त्याची परीक्षा घ्यायची न्हाई," सर म्हणाले होते. "पाठ करून घेतलेलं गणितच पेपरात टाकल्यावानी होतं ते."

म्हणून मी तीन निराळ्या बॅचच्या गोळ्या परीक्षेसाठी बाजूला ठेवल्या. परीक्षेत चूक बरीच मोठी निघाली. पातळ लेपाला यंत्र जाड सांगत होतं. मी सरांना म्हटलं, अजून गोळ्या मोजाव्या लागतील.

"बघतो मी," ते म्हणाले.

मग मी बहिणीच्या लग्नाला आठवडाभर गावी गेले होते. परत आले तर अहवाल वर गेलेला. चूक अगदी किरकोळ दाखवलेली आणि तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव. मी फाईल उघडली. बाजूला ठेवलेल्या गोळ्या शिकवायच्या यादीत घालून परीक्षाही त्यांच्यावरच घेतली होती.

"सर, ह्या परीक्षेच्या गोळ्या होत्या."

"ठाऊक हाय मला. वरून लई घाई हाय. तू कावून एवढं मनाला लावून घेतीस?"

"पण माझं नाव कावून टाकलं?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. "तुझ्या कामावर कुणी शंका घेत न्हाई म्हणून."

तो विश्वास मी त्यांच्याच हाताखाली कमावला होता.

तिसऱ्या दिवशी गुणवत्ता विभागाच्या मॅडमकडे फाईल घेऊन गेले. त्या अहवालाच्या भरवशावर यंत्रानं पास केलेल्या बॅचच्या गोळ्या आम्ही दोघींनी बसून कापल्या. लेप कित्येक ठिकाणी पातळ होता. माल अजून गोदामातच होता, म्हणून थांबवता आला.

यंत्राला पुन्हा शिकवायला चार महिने लागले. चूक त्या अहवालातल्याइतकी लहान कधीच झाली नाही. जेवढी निघाली तेवढी मी लिहिली.

सरांनी नोकरी सोडली. निरोपाच्या चहाला सगळे गेले, मी गेले नाही. जायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.