पहाटेचा मेसेज कोणाला होता

माझ्या आईचा मोबाइल माझ्या नावावर आहे. सिम घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या मशीनवर तिनं अंगठा ठेवला, पदराला पुसून पुन्हा ठेवला, मग दुसऱ्या हाताचा ठेवला. मशीनला रेषा सापडेनात. जन्मभर लोकांच्या शेतात निंदण करून, कापूस वेचून तिची बोटं गुळगुळीत झालेली. दुकानदार म्हणाला, "बेटी का लगा दो ना अम्मा." मी माझा अंगठा लावला. तेव्हापासून कंपनीच्या लेखी त्या फोनची मालकीण मी, आणि त्याचा पॅक भरण्याचं कामही माझंच.

माय इंद्रवेल्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात एकटी राहते. मी तेलंगणातल्या आदिलाबादला मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही. माझ्या फीचे पैसे कुठून आले, ते त्या गुळगुळीत बोटांवरून कोणालाही कळेल.

कंपनीचे मेसेज पहाटे येतात. कोणी माणूस उठून पाठवत नाही, यंत्रच पाठवतं. तेलुगूत असतात, कधी इंग्रजीत. रिंगच्या जागी गाणं लावा, अमुक योजना घ्या, तुमचा पॅक संपत आला आहे. ते मलाही यायचे. झोपमोड व्हायची, दिवसभर वर्गात डोकं दुखायचं. म्हणून मी रात्री झोपताना फोनचा आवाज बंद करू लागले. माझ्यापुरता प्रश्न मिटला.

मायचा मिटण्यासारखा नव्हता. आमच्या भागात पहाटे फोन वाजला की तो मातीचाच, म्हणजे कोणीतरी गेल्याचा, असं धरून चालतात. जंगलपट्टीत बोलणं नीट लागत नाही, आवाज तुटतो, पण मेसेज कसाबसा पोचतो. त्यामुळे हल्ली भावकीतली मुलं मातीची बातमी मेसेजनंच कळवतात. माझा मामा गेला तेव्हा त्याच्या मुलानं तसंच कळवलं होतं. तो मेसेज मायच्या फोनमध्ये दुपारपर्यंत तसाच पडून राहिला. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. सख्ख्या भावाचं तोंड तिला दिसलं नाही. तिला वाचता येत नाही, पण त्यानंतर तिनं एकही मेसेज कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय ठेवला नाही.

आणि दुसरी गोष्ट चुलीची. आम्ही बौद्ध झालो, पुष्कळ रूढी आजोबांच्या काळातच सोडल्या, पण कोणी गेलं की माती होईपर्यंत चूल पेटवायची नाही, ही राहिली. चुलीच्या जागी गॅस आला तरी राहिली. मेसेज वाजला की माय गॅसला हात लावायची नाही. कोण गेलं ते आधी कळू दे, मग चहा. फोन पदराखाली धरून ती शेजारच्या घरी जायची. तिथली सून तेलुगू शाळेत शिकलेली. तिला माय दारातूनच हाक मारायची.

मी एकदा दिवाळीच्या सुट्टीत गेले होते तेव्हा हे माझ्यासमोर झालं. सून जांभया देत बाहेर आली, फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "कोनी नाई मेलं मावशी. कंपनी म्हनते गानं लावा."

"कोनतं गानं?"

"तुमाले पायजे ते."

आतून तिची सासू ओरडली, "अवं, रोज काय मढं शोधत येतं वं तू? एखाद्या दिवशी आमचंच कोनी जाईन!"

माय हसली. सून हसली. मीही हसले. घरी आल्यावर माय मला म्हणाली, "बाई, हे बंद नाई होत का? त्या पोरीची झोपमोड होते."

"होतं ना. मी करून देते."

खरंच केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी शाळेतून एकदा कंपनीला फोन लावला. आधी भाषेसाठी बटण दाबा, मग कामासाठी दाबा, मग गाणं ऐका. शेवटी एक मुलगी बोलली. ती म्हणाली, ज्या नंबरचे मेसेज बंद करायचे त्याच नंबरवरून मेसेज पाठवावा लागेल, आणि तरी जाहिरातीच तेवढ्या थांबतील, पॅकची आठवण देणारे मेसेज येतच राहतील. मी म्हटलं, बरं, गावी गेल्यावर करते. मग परीक्षा आल्या, मग माझ्या सासरचं लग्न आलं. माय फोनवर विचारायची, "केलं का वं?" मी म्हणायची, "होऊन राह्यलं माय." गावाकडं बोलताना माझी भाषा आपोआप तिच्यासारखी होते. खोटंही तिच्याच भाषेत बोलले.

ती सून बाळंतपणाला माहेरी गेली, हे मायनं मला सांगितलं होतं. त्यातून काय होईल ते माझ्या डोक्यात आलं नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. गाव उजाडायच्या आत शेतात जातं. मायला शुगरची गोळी आहे. उठल्याबरोबर ती घ्यायची आणि लगेच चहा-भाकर खायची, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. त्या दिवशी तिनं गोळी घेतली आणि मेसेज वाजला. शेजारची सून नाही. दुसऱ्या कोणाकडे जावं तर पुन्हा तेच ऐकायचं, रोज मढं शोधत येते म्हणून. तिनं मला मिस्ड कॉल दिले. माझा आवाज बंद होता.

उठल्यावर मी ते पाहिले. हे लिहिताना इथे थांबावंसं वाटतं. मी डबे भरत होते, नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट सापडत नव्हता. फोनवर मायचं नाव पाहिलं आणि मनात म्हटलं, तोच मेसेजचा घोळ असणार, शाळेत पोचल्यावर बोलू. म्हणजे मला माहीत होतं. ती गॅस न पेटवता बसली असेल, हेही माहीत होतं. गोळीचा विचार मात्र आला नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या बाबांचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. ते म्हणाले, "बाई, तुझी माय ओट्यावर पडली होती. साखरपानी पाजलं. आता बोलून राह्यली. ये तू."

बस मिळाली. रस्ताभर मी एकच गोष्ट मनाशी घोकत होते, काही झालं तर दोष माझा, तो मेसेज कंपनीचा नव्हता, माझा होता. तेव्हा मला ते नुसतं वाटत होतं. ते शब्दशः खरं आहे हे अजून कळायचं होतं.

माय बाजेवर बसली होती. कपाळावर टेंगूळ आलेलं, त्यावर हळद. मला पाहून पहिलं म्हणाली, "शाळा सोडून काऊन आली?" आणि लगेच उशाखालून फोन काढून माझ्यापुढे धरला. "वाच बरं. कोन गेलं?"

तोपर्यंत ते कोणीच वाचलं नव्हतं. मी वाचलं. कोणी गेलं नव्हतं. तुमचा पॅक उद्या संपत आहे, सेवा सुरू ठेवण्यासाठी रिचार्ज करा.

मी मागचेही उघडून पाहिले. गाण्याचे चार-दोनच होते. बाकी बहुतेक हेच. पॅक संपत आला आहे, आज संपेल, संपला. दर महिन्याला तीच रांग. मी छोटा पॅक मारायची, आणि तोही शेवटच्या दिवशी किंवा संपल्यावर, आठवेल तेव्हा. वेळेवर भरला असता तर यातले किती मेसेज आलेच नसते! यंत्र ज्या बाईच्या नावावर सिम आहे तिला हाका मारत होतं, आणि दर हाकेला उठत होती माय.

मी तिला सांगितलं. सांगायचं टाळता आलं असतं, कंपनीला चार शिव्या दिल्या असत्या तरी तिनं मान डोलावली असती.

"माय, हे मेसेज मला होते. पैसे भर म्हणून."

"मंग तुलेच काऊन नाई पाठवत?"

"मलाही येतात माझ्या फोनचे. मी रात्री आवाज बंद करून ठेवते."

तिनं टेंगळावरची हळद बोटानं चाचपली. म्हणाली, "बरं करतं. तुले सकाळी शाळा असते."

यापेक्षा ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी लगेच वर्षाचा पॅक भरला, तिच्या फोनवरून जाहिराती बंद करायचा मेसेज पाठवला आणि म्हटलं, "मेसेजचा आवाजच बंद करून टाकू का?"

"नाई." ती एकदम ताठ झाली. "मातीचा आला तं? मामाचं झालं तसं?"

मग मी फोन हातात घेऊन बसले आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. कंपनीच्या मेसेजवर नंबर नसतो, इंग्रजी अक्षरं असतात. माणसाच्या मेसेजवर एक तर त्याचं नाव येतं, नाहीतर आकडे. मायला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात, गाडीवरचे, फोनवरचे. नावं मी तिच्या फोनमध्ये ठेवलेलीच नव्हती, म्हणून भावकीतला प्रत्येक मेसेज आकड्यांचाच दिसणार.

"हे बघ. वर आकडे असले तर आपलं माणूस. नसले तर कंपनी. त्यासाठी कोणाच्या दारात जायचं नाही, चहा ठेवायचा."

तिनं फोन लांब धरला, जवळ धरला. "एवढंच?"

"एवढंच."

"मंग अंदी काऊन नाई सांगतलं?"

तिनं ते सहज विचारलं होतं. दररोज लोकांच्या मुलांना अक्षर आणि अंक यांतला फरक शिकवते मी.

त्या रात्री तिथेच राहिले. जाहिराती बंद व्हायला काही दिवस लागतील असं कंपनीनं कळवलं होतं, त्यामुळे पहाटे मेसेज वाजलाच. माय उठली. दिवा लावला, फोन समोर धरला, वरच्या ओळीखाली बोट ठेवून पाहत राहिली. मग माझ्या खांद्याला हात लावला.

"बाई, हे आकडे नाईत ना?"

"नाहीत माय."

"मंग कंपनीचं." तरी ती क्षणभर उभीच राहिली, मग गॅसकडे गेली. "झोप तू."

मी उठून बसले होते. तिनं गॅस पेटवला, भांडं ठेवलं, आणि मला तिच्याकडे मान वर करून पाहवेना.