माउसवरचा भाकरीचा हात

लेक अंबाजोगाईला शिकायला गेली, तेव्हा तिचा ठोकळ्यासारखा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला. माझी शाळा चौथीपर्यंतच झालेली. तरी त्याच्यावर आईबद्दल पानभर लिहायचंच, असं मी ठरवलं. आईचा फोटो कुणी कधी काढला नाही. मी लिहिलं नाही, तर लेकीला तिची आजी कळणार कशी?

दुपारी सगळे रानात गेले की मी बसायची. हाताला भाकरी थापायची सवय, त्यामुळे माउस गोलच फिरायचा आणि पडद्यावरचा बाण गरगरायचा. एकदा असंच फिरवताना बटण दाबलेलं राहिलं. तोवर लिहिलेल्या सगळ्या ओळी काळ्या झाल्या. घाबरून एक अक्षर दाबलं, तर तेवढं अक्षर सोडून पान कोरं!

तेवढ्यात रानातून परतलेल्या जाऊबाई दारातूनच हसल्या, "भाकर थापायलीस का गं त्याच्यावर?"

रडू आलं, पण उठले नाही. बांगड्या कोपराकडे सारल्या, मनगट टेबलाला टेकवलं आणि माउस सरळ ओढून पाहिला. बाण सरळ गेला. मग पहिल्यापासून लिहायला घेतलं: माझी आई धारूरच्या डोंगरात मेंढरांमागं चालायची आणि चालता चालता मला पाठीवर निजवायची.