ओवाळायला मीच

"बाई, तुम्हीच ओवाळा. तुमचा हात शुभ."

विभागप्रमुख सर असं म्हणाले तेव्हा माझ्या बोटांना खडू होता. वनस्पतिशास्त्राचा तास संपवून मी नुकतीच स्टाफरूममध्ये आले होते. टेबलावर ताट तयार. निरांजन, कुंकू, अक्षता, पेढे. कुणाला ओवाळायचं? सतीशला. माझ्याच विभागात, माझ्यानंतर लागलेला. का? त्याला पीएच.डी.साठी भरपगारी रजा मिळाली म्हणून.

ती रजा मीही मागितली होती. विभागातून एकालाच मिळायची. माझा अर्ज बाजूला ठेवलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला ताट बघून कळलं.

मी हात धुतले. ओवाळलं. कुंकू लावताना बोट हललं आणि टिळा त्याच्या भुवईवर गेला. सगळे हसले. सतीश म्हणाला, "मॅडम, लक्ष कुठंय तुमचं?" मीही हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

नंतर सरांच्या केबिनमध्ये गेले. विचारलं, माझं काय झालं? सर पेढा खात होते. "अहो, तुमचे मिस्टर बँकेत आहेत. तुम्हाला काय कमी? त्याला अजून सगळं उभं करायचंय. आणि दोन लहान मुलं टाकून तुम्हाला हे झेपणार आहे का? तुमच्या तब्येतीची काळजी म्हणून सांगतो."

माझ्या तब्येतीची एवढी काळजी की सतीशचे तास दुसऱ्याच आठवड्यात माझ्या वेळापत्रकात घातले. त्याची प्रॅक्टिकलं मला. त्याचे पेपर तपासायला मला.

विषयसुद्धा माझाच गेला. वसईजवळचं गास हे गाव माझं माहेर. बापाचं शेत खाडीला लागून, खाजणातल्या खारट जमिनीत. मोठ्या भरतीला बांध फुटायचा, खारं पाणी आत शिरायचं. दुसरा भात मरायचा, तिथला जुना भात उभा राहायचा. तो जगतो कसा, हे मला शोधायचं होतं. चहा पिताना मीच हे विभागात मोठ्या हौसेने बोलले होते. सतीशने तोच विषय नोंदवला. मी जाब विचारला तर म्हणतो, "मॅडम, विषय काय कुणाच्या बापाचा असतो?"

हा माझ्या बापाचाच होता.

तेव्हापासून मी जळायला लागले. उगाच सोवळे शब्द वापरत नाही. विरारला आमच्या बिल्डिंगीत तेव्हा नळाला पाणी नव्हतं. टँकरचा हॉर्न वाजला की हंडे-बादल्या घेऊन आम्ही बाया जिन्यावरून धावायचो. पाइपाखाली हंडा धरला की मनात यायचं, सतीश आत्ता वाचत असेल. पोळ्या लाटताना यायचं, सतीश आत्ता मायक्रोस्कोपपाशी असेल. मला त्याच्या मायक्रोस्कोपचा हेवा वाटायचा. त्याच्या लायब्ररीतल्या खुर्चीचा वाटायचा. तो कधीमधी कॉलेजात यायचा, चेहरा कसा झोप झालेला, ताजातवाना. त्या झोपेचाही वाटायचा.

सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो त्याला बायको असल्याचा. मलाही एक बायको हवी होती. डबा भरून देणारी. मुलांना निजवणारी. आल्यागेल्याला "आतमध्ये अभ्यास चाललाय, हळू बोला" असं सांगणारी. एकदा हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं. तो पोट धरून हसला. माणूस वाईट नाही. पण हंडा काही त्याने उचलला नाही.

डोकं ठणकायचं. छातीत धडधडायचं. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." जसं काही मी ते बाजारातून पिशवी भरून आणत होते.

जळण्याचा वास लपत नाही. स्टाफरूममध्ये एक जण रिक्षामागचं वाक्य मला ऐकवायचे, "मॅडम, जलो मत, बराबरी करो!" एकदा मी म्हटलं, "बराबरी करू देत नाहीत, म्हणून तर जळते." ते चहात बिस्कीट बुडवत राहिले.

दसऱ्याला मी माहेरी गेले होते. भात पिकायला आला होता. दारात गाडी थांबली. सर आणि सतीश. सतीशला नमुने हवे होते. लेकीचे साहेब आले म्हणून बापाची नुसती धांदल. अंगणात खुर्च्या मांडल्या. मला म्हणाला, "पोरी, सरांना पानी दे. चाय ठेव." मग सतीशकडे वळून, "आमची पोर पन शिकवते हो कालेजात."

"हो तर. आमच्याच हाताखाली," सर म्हणाले.

चहा घेऊन मी बांधावर गेले. सतीश वाकून रोप बघत होता. मला म्हणाला, "हे बघा मॅडम, याची मुळं मीठ बाहेरच अडवतात. समजलं?" माझ्या बापाच्या बांधावर. मला. माझ्या हातात ट्रे. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

बापाने स्वतःच्या हाताने लोंब्या कापून दिल्या. वर केळ्यांचा घड दिला. गाडी गेल्यावर मी रडले. बापाला सांगितलं, हा माझा अभ्यास होता, याने घेतला. बापाने विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुजा होता, तर त्यांच्यासमोर बोलली का नाय? तुजे सायेब म्हनून मी दिला. मी काडी दिली नसती."

त्या दिवसापासून माझी जीभ जागी झाली.

सतीश डॉक्टर होऊन परत आला. स्टाफरूममध्ये सत्कार. टेबलावर तेच ताट. सर कौतुकाने म्हणाले, "या बाई. तुमचा हात शुभ. तुम्ही ओवाळलंत आणि हा डॉक्टर झाला!"

मी जागची हलले नाही. "नाही सर. मी ओवाळणार नाही."

"म्हणजे?"

"विभागाची पुढची रजा मला हवी. अर्ज पाठवणार का, ते सगळ्यांसमोर सांगा."

सर हसले. "अहो, घरी विचारलंत का?"

"सतीशला विचारलं होतं?"

मागून एक जण पुटपुटले, "शुभप्रसंगी कशाला हे?" सरांनी रसायनशास्त्राच्या बाईंकडे पाहिलं. त्या वयाने मोठ्या, निवृत्तीला आलेल्या. आजवर त्यांनीही पुष्कळांना ओवाळलं होतं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि बसून राहिल्या. निरांजन तसंच तेवत राहिलं. शेवटी पेढे न ओवाळताच वाटले.

रजा मला मिळाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. "बाई जळक्या आहेत" हे मात्र कॉलेजभर झालं. आहेच. ज्याला पुढं जायचंय आणि ज्याची वाट अडवलीय, त्याने जळू नये तर काय करावं? मी रजेशिवायच पीएच.डी.ला नोंदणी केली. त्याच खाजणात, त्याच भातावर. अजून पुष्कळ प्रश्न त्यात बाकी आहेत आणि ते सतीशला दिसलेही नाहीत. बाप आता लोंबी फक्त मला देतो. घरात सांगून टाकलंय, टँकर आला की ज्याला तहान लागते त्याने खाली जायचं. पहिले दोन दिवस घरात भांडी कोरडी होती. तिसऱ्या दिवशी नवरा हंडा घेऊन उतरला.

अर्ज मी दर वर्षी देणार. नाकारला तर कारण सगळ्यांसमोर विचारणार. आणि ज्या दिवशी मला रजा मिळेल, त्या दिवशी कुणी एखाद्या बाईला म्हणालं की यांना ओवाळा, तर ते ताट मी उचलून बाहेर ठेवणार. माझ्यासाठीसुद्धा ते त्या टेबलावर नको.