लॅपटॉपला भंडारा लावणारा फौजी

आमच्या फौजीचं कधीच काही चुकत नसे. गाडी बंद पडली की तो आधी रस्त्याला शिव्या द्यायचा, मग गाडीला, मग शेजारी बसलेल्याला. स्वतःपर्यंत पाळी कधी आलीच नाही. शेजारी बहुतेक मीच असायचो, म्हणून मला माहीत.

लष्करात जन्मभर ट्रक चालवून तो कोरेगावजवळ आमच्या गावी येऊन बसला. पुढं डोळा अधू झाला आणि स्टिअरिंग सुटलं. पोरगी बंगळूरला. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं म्हणून हा शहाणा चार वर्षं तिच्याशी बोलला नाही. फोन आला की तोंडावर आपटायचा. शेवटी तिनंच आपला कॉलेजातला जुना लॅपटॉप पाठवला, आत ट्रक चालवायचा गेम घालून. रविवारी सकाळी हा इथून आणि ती तिथून, एकाच रस्त्यावर दोन ट्रक, कानाला हेडफोन. बोलणं काय, तर वळण आलं, घाट लागला. एवढं तर दोन अनोळखी ड्रायव्हरही हॉटेलात बोलतात. जावयाचं नाव मात्र निघत नसे.

खंडेनवमीला आम्ही अवजारं पुजतो. फौजीनं लॅपटॉप पुजला. बोटानं हळदकुंकू लावून भागलं असतं, पण यानं खंडोबाचा भंडारा मूठभर उधळला, तोही लॅपटॉप चालू असताना. मी अडवलं तर म्हणाला, "तुला शाळेनं चौथीत हाकललं. तू मला यंत्र शिकवू नगंस."

दोनच दिवसांनी रविवारी ट्रक चालवता चालवता पोरीनं विचारलं, "आबा, दिवाळीला आम्ही दोघं येऊ का?" तेवढ्यात पडदा काळा झाला आणि गेम बंद. तिला वाटलं, म्हाताऱ्यानं पुन्हा तोंडावर आपटलं. मी म्हटलं, फोन करून सांग. तर उत्तर काय, "गाडी बंद पडल्याचं मी सांगत फिरत न्हाई. दुरुस्त करतो."

साताऱ्याच्या दुकानातल्या पंडितानं गेमचं चित्र हलकं केलं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. उघडून काही पाहिलं नाही. पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक्स कार्ड गेलं, नवा लॅपटॉप घ्या, म्हणाला. त्यासाठी याला म्हणे मोठी पदवी लागली. फौजी घरी येऊन वहीत मिनिटं मांडू लागला. सकाळी अकरा मिनिटांनी बंद, दुपारी सहा. वही पाहून मला हसू आलं. उन्हात लवकर मरतंय म्हणजे तापतंय, हे मेंढरालाही कळेल. जन्मभर मी पंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्या. लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू सोडले. आतला पंखा भंडाऱ्यानं पिवळाधमक, गच्च बसलेला. वाराच कोंडला तर कार्ड जगायचं कसं? मी ब्रशनं सगळं साफ केलं, कार्डावरची उष्णता ओढणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली. कार्ड फार भाजलंय, तासाभरावर भरवसा नाही, असंही बजावलं. फौजी म्हणाला, "भंडारा जाईल आसं भोक ठिवलंच कशाला कंपनीनं?"

पण त्या रविवारी पोरगी आलीच नाही. हा एकटाच ट्रक हाकत राहिला आणि सारखा आरशात बघत राहिला. मला बघवेना. मी माझ्या फोनवरून तिला लावला. "पोरी, तुजा बाप उठून गेला न्हवता. कार्ड तापून लॅपटॉपचा डबा बंद पडला हुता. सांगायची लाज वाटती त्याला." फौजी चार दिवस माझ्याशी बोलला नाही. बरं वाटलं.

पुढच्या रविवारी ती आली. मागून मुकाट चालवत होती. घाटात रस्त्यावरची नजर न काढता फौजी म्हणाला, "दिवाळीला या. दोगंबी."

आणि पडदा काळा झाला.

त्यानं कुणालाच शिवी दिली नाही. माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "ऐकलं आसंल का रं?"

लॅपटॉप परत सुरू व्हायला वेळ लागला. गेम उघडला तेव्हा तिचा ट्रक रस्त्याकडेला दिवे मिचकावत उभा होता. हेडफोनमधून तिचा आवाज मलाही आला, "कार्ड थंड होऊ द्या, आबा. आम्ही थांबलोय."

फौजीनं चष्मा काढून पुसला. धूळ आहे म्हणाला.

दिवाळीला दोघं आली. आता फौजीला जाऊन दीड वर्ष झालं. लॅपटॉप जावयानं मागून नेला. मी स्पष्ट सांगितलं, तासाच्या वर टिकत न्हाई.

"तासभर पुरे, काका," म्हणाला.

हाही फौजीसारखाच निघाला.