शुभहस्ते बसवलेली चकती

एरवी गड आणि धबधबे सोडून मी कशासाठीही गाडी काढत नाही. पण हुबळीच्या भाचीचा, मृणालचा फोन आला. "मामा, मंगळवारी या की. समिती यायलीय लॅबमध्ये. माझी फेलोशिप वाढवायची का नाही, ते त्यादिवशीच ठरणार." तिची लॅब धारवाडला, मलेरियाची. मलेरिया बघायला चाललोय म्हटल्यावर बायकोनं बॅगेत मच्छरदाणी कोंबली आणि मी कोल्हापूर सोडलं.

महामार्गाची कामं चालूच आहेत, तेव्हा पहाटे निघा. धारवाडच्या अलीकडं कुठल्याही खानावळीत शिरा. कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी पोटभर मिळते आणि खिसा फारसा दुखत नाही. मुक्काम हुबळीच्या कमरीपेठेत अक्काकडे, म्हणजे मृणालच्या आईकडे. सकाळी तिथून धारवाडला जायला मात्र गाडी काढू नका. राखीव मार्गिकेतली बस स्वस्त आहे आणि कुठं अडकत नाही.

लॅबमध्ये मृणालनं मला नखाएवढी सोनेरी चकती दाखवली. "मलेरिया झालेली रक्तपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते, मामा. वाहत राहिली तर प्लीहा तिला पकडून मोडीत काढते ना, म्हणून." चकतीवर त्या भिंतीवरचंच प्रथिन लावलेलं असतं. पेशी चिकटल्या की चकती किंचित जड होते आणि पडद्यावरची रेघ खाली येते. उघड्या बोटानं शिवायचं नाही, एवढा एकच नियम. तो दारावर कन्नडमध्येही लिहिला होता.

समितीचे अध्यक्ष आले. समई, शाल, फेटा, हार झाले, पेढे वाटले गेले. मग विभागप्रमुखांना सुचलं, की चकती यंत्रात अध्यक्षांच्या शुभहस्ते बसवावी. मृणालनं हातमोजे पुढं केले.

"ग्लोव्ह्ज ब्याड री, उंगुरा काणंगिल्ल," फोटोग्राफर म्हणाला. अंगठ्या दिसणार नाहीत, ही त्याची अडचण सगळ्यांना पटली. अध्यक्षांनी पेढ्याची बोटं शालीला पुसल्यासारखी केली आणि चकती चिमटीत धरली. मृणाल "सर, सर" म्हणेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

यंत्रात मलेरियाच्या पेशी सोडल्या. रेघ सरळच राहिली.

"म्हणजे काय?" अध्यक्ष.

"चिकटत नाहीत, सर," विभागप्रमुख चाचरत म्हणाले.

"का?"

"पेढ्यामुळं, सर," मृणाल म्हणाली. "दुधाचं प्रथिन चकतीवर बसलं, की..."

पुढचं ऐकायला अध्यक्षांना सवड नव्हती. ते पत्रकारांकडे वळले आणि धारवाडच्या पेढ्यानं मलेरिया रोखल्याचं त्यांनी जाहीर करून टाकलं. पुन्हा टाळ्या. ज्यांची सही हवी तेच खूश होते. मृणालनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं.

"नाही, सर," ती म्हणाली. "चकती खराब झालीय. हे छापून आलं तर लोक तापात गोळ्या सोडून पेढे खातील."

तिनं हातमोजे चढवले, चिमट्यानं नवी चकती बसवली, पेशी सोडल्या. रेघ हळूहळू खाली आली. सगळ्यांचे चेहरेही उतरले. "मघाचं बरं होतं की हो," विभागप्रमुख माझ्या कानाशी पुटपुटले. अध्यक्षांनी पेन खिशात ठेवलं आणि ते जेवायला गेले. मला पोरीचा फार अभिमान वाटला आणि तिची तितकीच काळजीही.

कोल्हापुरात पोचायच्या आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी पोचली होती: 'पेढा खा, मलेरिया टाळा.' फोटोत अध्यक्ष होते, त्यांच्या अंगठ्या होत्या, मृणालचं फक्त कोपर होतं. मी खुलासा लिहिला, त्यावर मावशींनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. आणलेले पेढे बायकोनं औषधांच्या कपाटात ठेवलेत.

पंधरवड्यानं मृणालचा फोन आला. "मामा, वर्ष वाढवून मिळालं. पण विषय त्यांनी बदललाय. पेढा आणि मलेरिया."

"मग आता?"

"आता काय. पहिल्या महिन्यात पेढ्यानं काही होत नाही ते सिद्ध करते, उरलेल्या दिवसांत माझं काम. फक्त एक अडचण आहे. खर्चात पेढे मंजूर झालेत, चकत्या नाहीत."