उषाबाईंचं कंपल्सरी

डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत इंग्रजी तसं कमीच. पण एक इंग्रजी शब्द उषाबाईंनी असा राबवून घेतला की खुद्द इंग्रजांनाही त्याचे इतके उपयोग सुचले नसतील. शब्द कंपल्सरी. तो घरी आणला त्यांच्या मालकांनी, लोटूभाऊंनी. डाइंग मिलच्या फाटकावर ‘ओव्हरटाइम कंपल्सरी’ अशी पाटी लागे आणि लोटूभाऊ मुकाट आत जात. मिलमध्ये तो शब्द मालकाचा होता. घरी उषाबाईंनी तो स्वतःचा करून टाकला.

त्यांच्या ओट्यावर टेकलं की चहा कंपल्सरी. म्हणजे सकाळपासून बोलायला कोणी मिळालेलं नाही, उठू नका. लोटूभाऊंना थंडीत स्वेटर कंपल्सरी. म्हणजे खोकता तुम्ही आणि जीव माझा वरखाली होतो. हे अर्थ मला चहा पिता पिता कळत गेले. फुकट चहाचा एवढा तरी उपयोग. पण सून नूतन हिला ते कोणी सांगितले नाहीत. ती शाळेत शिकली तो अर्थ एकच: इथे तुला विचारलेलं नाही. औषधाच्या दुकानातली नोकरी सांभाळून ती बरंच ऐकत राहिली. मग दुकानात जातानाही डोक्यावर पदर कंपल्सरी झाला, आणि दिवाळीनंतर मुलगा चेतन आणि नूतन शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, राहायला गेले. आरडाओरडा नाही. गल्लीची निराशाच झाली. जाताना नूतन एवढंच म्हणाली, “आई, एकदा तरी ‘जमलं तर’ म्हणून बघा.”

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. आम्हा खानदेशी घरांत तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. दळून जे होईल ते घरच्यांनीच खाऊन संपवायचं. बाहेरच्याला घासही मिळत नाही. उषाबाईंनी लोटूभाऊंच्या नावाने मूठ घेतली आणि चेतनपाशी हात थांबला. मूठ घेतली आणि तो आला नाही, तर रोट उरणार. नाही घेतली, तर पोरगा घरातून गेला हे कानबाईसमोर कबूल करायचं. शेजारच्या पुष्पाबाईंनी सल्ला दिला की वेगळ्या राहणाऱ्याला कशाला धरायचं. मी ओट्यावरच होतो, चहा संपतच नव्हता.

उषाबाईंनी मूठ भरली. मग फोन लावला. नूतनने उचलला.

“रोट शे रविवारे. जमनं तर या, माय.”

फोन ठेवून त्यांनी पदराने कपाळ पुसलं. पुष्पाबाई मला हळूच विचारत होत्या की हिला ताप तर नाही ना.

रविवारी दिवेलागणीला आरती झाली, पानं वाढली गेली, तरी चेतन नाही. हजीऱ्याच्या प्लांटमध्ये त्याची ड्युटी ऐन वेळी बदलली होती. आली ती एकटी नूतन, दुकानातून थेट, डोक्यावर पदरबिदर काही नाही. पुष्पाबाईंना राहवलं नाही. मूठ चेतनच्या नावाची आणि आलीस तू, असं त्यांनी टोचलंच.

नूतन पाय धुता धुता म्हणाली, “माझ्या नावाची मूठ कुणी घेतलीच नाही, काकू. म्हणजे मला काही कंपल्सरी नव्हतं. तरी आले.”

नूतनच्या पानावर उषाबाईंच्या हातची तुपाची धार थांबेचना. शेवटी नूतननेच वाटी धरली.

जेवणं झाली, चेतनच्या वाट्याचा रोट उरला. उषाबाई तो डब्यात भरू लागल्या, तशा पुष्पाबाई म्हणाल्या की रोट घराबाहेर जात नाही.

“कोसाडबी घरच शे,” उषाबाई म्हणाल्या आणि झाकण दाबून बसवलं.

नूतन रिक्षात बसली तेव्हा मागून आवाज आला, डबा परत आणणं कंपल्सरी शे. ह्या खेपेला अर्थ कुणी सांगावा लागला नाही. पुढच्याच रविवारी दोघं डबा घेऊन आले. झाकण तेवढं नूतन कोसाडला विसरली होती. विसरली, असं ती म्हणते.