मोर छाप बाटल्या आणि गणपत माळ्याची गाडी

माणूस ज्या धंद्यात राहतो, त्या धंद्याचे किस्से त्याच्याकडे आपोआप जमत जातात. धान्यवाल्याकडे उंदरांचे, पोस्टवाल्याकडे पत्रांचे. माझ्याकडे बिअरचे आहेत. आयुष्यात थेंब घेतला नाही, तरी कुठंही चार माणसं बसली की म्हणतात, "नानाभाऊ, ते बाटल्यांचं सांगा." मी सांगायला लागलो की आमची बायको उठून आत जाते. तिला सगळे पाठ झालेत.

मी मलकापूरला रुस्तमशेटच्या दुकानात कारकून होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून थोडीच वर्षं झाली होती. बुलढाण्याची हवा थंड, म्हणून तिथं साहेब लोकांची वस्ती, आणि वस्ती म्हटली की क्लब आलाच. क्लबची बिअर विलायतेहून बोटीनं मुंबईला यायची, मुंबईहून रेल्वेनं मलकापूरला. तिथून पुढं बैलगाडी. राजूरचा घाट चढून दोन दिवसांची वाट. शेट म्हणायचे, "समुद्र परवडला, घाट नको."

तो घाट आमच्यासाठी चढायचा देऊळघाटचा गणपत माळी. भाजीचा मळा, स्वतःची गाडी, स्वतःचे बैल, आणि माणूस शब्दाचा पक्का.

*

त्याची पहिली खेप चैत्रातली. मोताळ्याच्या अलीकडं ऊन असं तापलं की गाडीतली एक बाटली फाडकन फुटली. बैल उधळले. त्यांना आवरतो तोवर दुसरी फुटली. गणपतनं बैल सोडून निंबाखाली बांधले आणि स्वतः गाडीपासून पन्नास पावलांवर जाऊन बसला. त्याला वाटलं, शेटनं दारूच्या नावाखाली बंदुकीची दारू भरून दिली!

क्लबवर पोचेपर्यंत अकरा बाटल्या गेल्या. परत आल्यावर शेट त्याला म्हणाले, "गणपत, बाटली इंग्लंडहून सहीसलामत येते आणि तुझ्या गाडीत फुटते. असं कसं?"

गणपत शांतपणे म्हणाला, "शेटजी, माल गरम डोक्याचा हाय. त्याले थंड ठिवा लागते."

पुढच्या खेपेला त्यानं गाडीत कडबा अंथरला, बाटल्यांच्या मधे सरकी ठासून भरली, वरून ओली पोती आणि निंबाचा पाला. त्या खेपेत दोनच फुटल्या. शेट इतके खूश झाले की त्यांनी माल पाठवणाऱ्या मुंबईच्या साहेबाला पत्र लिहायला लावलं, तुम्हीही खोक्यांत सरकी भरा म्हणून. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, "सरकी ही कोणती कंपनी?"

*

त्या मालाला सरकारी पास लागायचा. पासावर लिहिलेल्या बाटल्या आणि गाडीतल्या बाटल्या जुळल्या पाहिजेत. बुलढाण्याच्या नाक्यावरचा कारकून मोठा काटेकोर होता. एकदा तीन कमी भरल्या.

"तीन कुठं गेल्या?"

"फुटल्या जी, घाटात."

"कशावरून? प्याला असशील."

गणपतनं तोंड पुढं करून त्याच्या नाकासमोर श्वास सोडला. कारकून मागं सरकला आणि म्हणाला, "हा कांदा झाला. पुरावा पाहिजे. बूच लागलेली मान दाखव, तर फुटली म्हणून लिहितो."

काचा तर गणपतनं, जनावरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून, घाटातच एका कडेला टाकल्या होत्या. त्यानं बैल नाक्यावर बांधले आणि भर दुपारी सारा घाट पायी उतरला. दिवस कलता कलता परत आला आणि उपरण्यातून बाटल्यांच्या माना काढून टेबलावर ठेवल्या. बूच लागलेल्या. चार.

कारकून म्हणाला, "कमी तीनच आहेत. ही चौथी कोणाची?"

"मागच्या खेपेची असंल जी. राहू द्या, तुमच्या कामी येईल."

कारकुनाला हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून त्यानं गणपतची गाडी कधी अडवली नाही.

*

मग तक्रार आली थंडाव्याची. क्लबचा बटलर फ्रान्सिस, गोव्याचा माणूस. त्यानं निरोप पाठवला, "साहेब विचारतात, ही बिअर आहे की चहा?"

रेल्वेनं बर्फ मागवून पाहिला. भुशात घालून दिला तरी मोताळ्यापर्यंत भुसा ओला आणि बर्फ नाही. गणपतनं मग विहीर हेरली. घाटाच्या पायथ्याशी एका पाटलीणबाईंची जुनी बांधीव विहीर होती, पाणी गारेगार. घाट चढण्याआधी खोके तासभर त्या पाण्यात सोडावेत असा त्याचा बेत.

बाईंनी ऐकलं आणि कंबरेवर हात ठेवले. "माह्या विहिरीत दारू?"

"दारू बाटलीत हाय, बाई. विहिरीत फक्त बाटली जाईल."

"असं का? मंग आतडे तुह्या पोटात हायेत, पन माह्या दारात तूच उभा हायेस. निघ."

गणपत निघाला. पण निघताना त्यानं पाहिलं की मोट बंद आहे आणि वांग्याचं वावर सुकून राहिलंय. बाईंचा गडी तापानं पडला होता. माळी माणसाला ते बघवेना. त्यानं आपले बैल मोटेला जुंपले आणि दुपारपर्यंत सगळं वावर भिजवलं. बैल सोडताना बाई भाकरी घेऊन आल्या.

"विहिरीत नाई," त्या म्हणाल्या. "मोटेचं पानी पडते त्या हौदात ठिव."

त्या खेपेची बिअर साहेबांना इतकी आवडली की फ्रान्सिसनं विचारायला माणूस धाडला, ही नवीन कंपनी कोणती? गणपतनं तो निरोप जाता जाता बाईंना सांगितला. बाई म्हणाल्या, "सांग त्याले, आमचीच."

*

रिकाम्या बाटल्या मुंबईला परत पाठवायचा करार होता. भरलेल्या बाटल्या जायच्या, रिकाम्या येईनात. बाटल्या जाड काचेच्या, वर मोराचं चित्र उठवलेलं. शेटनं ठरवलं, आपण स्वतः शोध घ्यायचा. अमडापूरच्या बाजाराला आम्ही दोघं गेलो.

तेल्याकडे मोर छाप. वैद्याकडे काढा, मोर छाप. शाळेच्या मास्तरांनी शाई भरून ठेवलेली, तीही मोर छाप. मागितली तर मास्तर म्हणाले, "शेट, बाटली न्या, पण मंग शाई कशात ठिवू? तुमच्या टोपीत?"

उन्हानं शेट दमले आणि एका देवळाच्या ओट्यावर बसले. पुजाऱ्यानं थकलेला माणूस पाहिला, आतून एक बाटली आणली आणि मोठ्या प्रेमानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. "घ्या शेट. खास काशीचं हाय. रोज कोनाले देत नाई."

शेटनी बाटलीवरच्या मोराकडे पाहिलं. मग ते पाणी पिऊन टाकलं.

परत येताना गाडीत शेटनी टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाले, "नाना, बाटली विलायतेची, पाणी काशीचं. मधे मी कोण मागणारा?" त्या दिवशी शोध संपला.

*

मग विलायतेकडं मोठी लढाई सुरू झाली. बोटी येईनात. आधी खोके अर्धे झाले, मग महिनोन्महिने एकही नाही. शेटनी गणपतला बोलावलं आणि अवघडत म्हणाले, "गणपत, आता काम नाही. तू दुसरं बघ."

मला वाईट वाटलं. त्यानं त्याच वर्षी बैलांची नवी जोडी घेतली होती. गणपत मात्र आमच्या गोदामात मोर छापलेल्या रिकाम्या खोक्यांच्या थप्पीकडे पाहत होता.

"हे खोके काऊन पडून राह्यले?"

"त्यात भरायला काय आहे?"

"पेरू हायेत," गणपत म्हणाला. "देऊळघाटले पेरू झाडाखाली सडून राह्यले. इथवर आनू तं दबतात, म्हनून कोनी आनत नाई. पन ज्याच्या गाडीत काच फुटत नाई, त्याच्या गाडीत पेरू काऊन दबंल?"

शेट हसले. मी हसलो नाही. मी त्याची सरकी पाहिली होती. आठवड्यानं त्याची गाडी आली. खोक्यात पेरू, मधे कडबा, वरून ओली पोती. तोच घाट, फक्त उतरता. रेल्वेनं माल भुसावळला गेला आणि एकही पेरू डागला नाही. पुढच्या मोसमात गावातल्या सात माळ्यांच्या गाड्या त्याच्या मागं होत्या आणि स्टेशनावर शेट स्वतः खोके मोजून घेत होते. भुसावळच्या बाजारात लोक मागायला लागले, "मोर छाप पेरू आहेत का?"

*

लढाई संपली. पुष्कळ दिवसांनी पहिली बोट लागली आणि बुलढाण्याला माल निघाला. गणपतनं पेरूच्या गाड्या भावावर सोपवल्या आणि ही खेप स्वतः घेतली. मीही बरोबर गेलो. क्लबच्या व्हरांड्यात खोके उघडले. एकही बाटली फुटलेली नव्हती. एकही नाही.

सेक्रेटरी साहेब बाहेर आले. त्यांना गणपत आठवत होता. त्यांनी फ्रान्सिसला सांगितलं, या माणसाला आज पहिला ग्लास द्या. गणपतनं मान हलवली. साहेबांनी पुन्हा आग्रह केला. मग फ्रान्सिसनं मातीच्या कोऱ्या कुल्हडात थोडी ओतून दिली. गणपतनं माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि एक घोट घेतला.

घोट त्यानं गिळला. पण त्याचा चेहरा पार उतरला. कुल्हड ठेवून तो मान खाली घालून उभा राहिला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"नानाभाऊ, माल नासला," तो हळूच म्हणाला. "कडू जहर झाला. म्हंजे इतकी वर्सं म्या ह्यायले नासका माल पोचवला. अन् भले लोक, एका शब्दानं बोलले नाई."

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यानं एक खोका उचलला आणि परत गाडीत नेऊन ठेवला. मग दुसरा उचलला.

साहेबांनी फ्रान्सिसला विचारलं, हा काय म्हणतोय? फ्रान्सिस इंग्रजीत बराच वेळ बोलला. साहेबांनी हातातला ग्लास खाली ठेवला, पायऱ्या उतरून गाडीपाशी आले आणि गणपतसमोर डोक्यावरची हॅट काढली.

फ्रान्सिसनं काय सांगितलं, ते मी त्याला पुढं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बिअर कडूच असते, नानाभाऊ," एवढंच म्हणून त्यानं मला चहा पाजला.